पिशवी माझी, सही यांची

मला जो आवाज ऐकू येतो तो बाईचा आहे. एसटी स्टँडवर गाड्या लागल्या की सांगणारी बाई असते ना, अगदी तसा. माझं माहेर कोरेगाव. कॉलेजसाठी तीन वर्षं रोज सातारला ये-जा केली, तेव्हाच तो कुठंतरी मुरला असणार. चाळिशीच्या जवळ आले आणि एक दिवस ती बाई घरात बोलायला लागली.

सुरुवातीला तिचं काही वाईट नव्हतं. "तव्यावरील भाकरी करपत आहे," म्हणायची. भाकरी खरंच करपत असायची. मग म्हणायला लागली, "समोरच्या खिडकीतून आपल्यावर लक्ष ठेवण्यात येत आहे." मी खिडक्या लावून घेतल्या. पुढं, "पाण्याच्या टाकीत औषध टाकण्यात आले आहे, याची कृपया नोंद घ्यावी." मी नोंद घेतली. टाकीचं पाणी प्यायचं सोडलं, अंघोळ सोडली, आणि धाकट्या मुलीनं बळेच पाण्याचा पेला पुढं केला तेव्हा तिच्या थोबाडीत मारली. हे लिहिताना अजून हात अडतो. पण ज्यांच्या घरात असं काही चालू आहे त्यांच्यासाठी लिहायला बसले आहे, तेव्हा गाळून चालणार नाही.

मी आष्ट्यात राहते. ब्लाउज शिवते, चार मुलींना शिवण शिकवते. दोन्ही मुलींची आता लग्नं झाली. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि ऊस बघतात. घरात आजार शिरला तेव्हा तो शत्रू कुठून आला हे यांना कळेना, पण हे जागेवर उभे राहिले. यांच्याबद्दल पुढं मी जे काही सांगणार आहे, ते ही गोष्ट मनात ठेवून वाचा.

डोक्याची शुगर

यांनी मला सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला विचारलं, "कसले आवाज ऐकू येतात का?"

हे ताठ बसून म्हणाले, "येतात मॅडम. पंख्याचा येतो, मिक्सरचा येतो."

"तुम्हाला नाही, त्यांना विचारलं."

मी मॅडमना उलटं विचारलं, "मी सांगितलेलं पुढं कुठं कळवता?" त्यावरूनच बहुतेक त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. यांनी ते तीन वेळा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि गल्लीत विचारणाऱ्या सगळ्यांना एकच सांगितलं, "शैलाला डोक्याची शुगर हाय. गोळी चालू ठिवायची, बास." माझ्या आजाराचं इतकं सोपं वर्णन मी नंतर कुठल्याही डॉक्टरांकडून ऐकलं नाही.

गोळी मात्र मी घेईना. गोळ्या बदललेल्या आहेत अशी घोषणा झाली होती. मग यांनी ती कुटून ताकात घालायला सुरुवात केली. मी शिवणकाम करणारी बाई. ताकावर तरंगणारा पांढरा कण मला दिसणार नाही असं यांना वाटलंच कसं, देव जाणे. यांची पाठ वळली की मी पेले बदलायची. तिसऱ्या दिवशी हे जेवून बांधावर जाऊन येतो म्हणाले आणि सोप्यातच आडवे झाले, ते थेट दुसऱ्या दिवशी उठले. ऊसतोडीची टोळी फडात येऊन, वाट बघून दुसऱ्याच्या रानात गेली. हे उठल्यावर म्हणाले, "मला बी झालं वाटतं तुझं."

शेवटी मला दवाखान्यात दाखल केलं. माझ्या मनाविरुद्ध. मी दारातल्या सुपारीच्या झाडाला मिठी मारून बसले होते. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढच्या गोष्टीत मी "नाही" म्हणण्याच्या बाजूनं बोलणार आहे. त्या वेळचं माझं "नाही" माझं नव्हतं. ते त्या घोषणेवाल्या बाईचं होतं. मला उचलून नेलं, ते बरं केलं. नेताना कुणी जरा हळू बोललं असतं तर आणखी बरं झालं असतं.

औषधं लागू पडली. वजन वाढलं, तोंड सुकायचं, सुईत दोरा ओवायला सकाळ जायची. पण बाई मागं सरकली. पूर्ण गेली नाही. फार दमले की लांबच्या फलाटावरून काहीतरी पुटपुटते. मी तिला म्हणते, "बाई, माझी गाडी नाही ही." आणि कामाला लागते. अशी सहा वर्षं गेली.

आठ महिने

मग पाळी बिघडली. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. मशीनवर बसले की डोळ्यांपुढं काजवे. शिकायला येणाऱ्या मुली म्हणायच्या, "काकू, तुमी पांढऱ्या अस्तरावानी दिसाय लागलाय."

आठ महिने मी अंगावर काढलं. हा माझा शहाणपणाच्या काळातला वेडेपणा. शेवटी सांगलीच्या एका दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पिशवीला गाठ आहे, रक्त फार कमी झालंय, दाखल व्हा, रक्त चढवू, परवा पिशवी काढून टाकू. हे सगळं ते यांच्याकडं बघून बोलले. हे रक्ताच्या आकड्यालाच इतके भ्याले की पुढचं यांच्या कानात शिरलंच नसणार. माझ्या फायलीवर मनाच्या गोळ्यांची यादी होती. ती वाचल्यापासून त्या दवाखान्यात माझ्याशी कुणी थेट बोललंच नाही. नर्सबाई यांना विचारायच्या, "पेशंट जेवल्या का?" मी समोर घास चावत असायची. हे माझ्याकडं बघायचे, मी मान हलवायची, मग हे सांगायचे, "जेवल्या." ऊन-पावसाचा निरोप वायरलेसवरून द्यावा तसं आमचं चालायचं.

ऑपरेशनच्या कागदावर सही यांनी केली. सहीला यांचा हात फार मोकळा. फौजेत साहेबानं जिथं बोट ठेवलं तिथं सही करायची सवय. नर्सबाईंनी बोट ठेवलं, यांनी सही केली. कागदावर पेशंटच्या सहीची रेघ होती. तिथं यांनी लिहिलं, "मानसिक, म्हणून पती."

रक्ताला मी नाही म्हटलं नाही. दोन बाटल्या चढल्या आणि मला जग रंगीत दिसायला लागलं. डोकं चालायला लागलं. डोकं चालायला लागल्यावर मी विचार केला, आणि तिथंच सगळ्यांची पंचाईत झाली.

आक्का

माझ्यासोबत राहायला तासगावहून माझ्या नणंद आल्या होत्या. यांच्या थोरल्या बहीण, आम्ही आक्का म्हणतो. त्यांच्या घरी द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. शेडवर तीस बाया हाताखाली ठेवून आक्कांचा आवाज असा झालाय की वॉर्डातले पेशंट त्यांना बघून आपोआप डोळे मिटायचे.

"आक्का, मला पिशवी काढायची नाही," मी म्हटलं.

"का? आता काय लोणचं घालायचं हाय व्हय त्यात? दोन पोरी झाल्या, लग्नं झाली. मी न्हाई काढली? पस्तिशीत काढली. मोकळी झाले."

"तुमची कंबर तेव्हापासून दुखतीय म्हणता की."

"कंबर दुखायला पिशवी कशाला लागती? कंबर दुखती, घाम फुटतो, रडू येतंय कवा कवा. त्याचा काय संबंध?" असं म्हणून त्या बेदाण्याची पुडी सोडून खायला लागल्या.

माझं म्हणणं साधं होतं. डॉक्टर पहिल्या दिवशी यांना जाता जाता म्हणाले होते, की औषधानं किंवा पिशवीत एक साधन बसवून रक्तस्राव कमी करता येतो, पण "यांच्या केसमध्ये एकदाच काय ते करून टाकू". ते "पण" माझ्या डोक्यात बसलं. माझ्या केसमध्ये म्हणजे काय? गाठ तर साधीच होती, तसा रिपोर्ट होता. मी तो यांच्या पिशवीतून काढून वाचला होता. डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीखाली होता.

ऑपरेशन नको, असं मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "गोळ्या घेतल्यास का आज?"

दुसऱ्यांदा सांगितलं. हे बाहेर जाऊन आक्कांना म्हणाले, "हिचं परत फिरलं वाटतं."

गंमत बघा. मी हो म्हटलं असतं तर मी शहाणी आहे का, हे कुणी तपासलं नसतं. आयुष्यभराचा अवयव काढायला शहाणी, ठेवायला वेडी.

टेबलावर

सकाळी हिरवा झगा घालून मला आत नेलं. भीती वाटत होती का? फार. पण ऑपरेशनची नव्हे. इथं मोठ्यानं नाही म्हटलं तर मला धरतील, आणि मी हात झटकले तर ते फायलीत लिहितील, याची. वेड लागलेल्या माणसाला रागावण्याची सोय नसते. म्हणून मी ठरवलं, बोलायचं ते शाळेतल्या बाईंसारखं बोलायचं.

भूल देणारे डॉक्टर आले. तरुण होते. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "मावशी, उपाशी आहात ना?"

तीन दिवसांत मला सरळ विचारलेला तो पहिला प्रश्न. मला रडूच आलं. मी म्हटलं, "उपाशी आहे, डॉक्टर. पण मला हे ऑपरेशन करायचं नाही. माझ्या कागदावर माझी सही नाही. तुम्ही बघा."

त्यांनी कागद बघितला. परत माझ्याकडं बघितलं. मग हातमोजे काढले आणि म्हणाले, "मग मी भूल देत नाही."

एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. इतक्या हळू आवाजात माझी बाजू कुणी घेतली नव्हती.

बाहेर मात्र आमच्या यांनी आघाडी उघडली. "डॉक्टरसाब, ती पेशंट हाय, तिला काय कळतंय? मरंल ती! तुमी करा, जिम्मेदारी माझी!" मोठे डॉक्टर वैतागले होते, यादीतली पुढची बाई थांबली होती. पण माणूस सरळ. ते म्हणाले, "आजार आहे म्हणून कळत नाही असं मी परस्पर ठरवू शकत नाही. कायदाही तसं म्हणत नाही. यांच्या मॅडमना बोलावतो. त्या म्हणतील तसं."

मला हिरव्या झग्यातच वॉर्डात परत आणलं. बाकीच्या बायका वरातीकडं बघावं तशा माझ्याकडं बघत होत्या.

मॅडमचे प्रश्न

मॅडम दुपारी ओपीडी संपवून आल्या. पडदा ओढला. हे आणि आक्का आत थांबले तर चालेल का, असं मला विचारलं. मी म्हटलं, थांबू दे, पण बोलायचं नाही. हे म्हणाले, "मी कुठं बोलतोय?"

"शैलाताई, तुम्हाला काय झालंय, तुमच्या शब्दांत सांगा."

मी गाठ सांगितली, तिचा आकार सांगितला, रक्त किती होतं आणि बाटल्यांनंतर किती झालं तेही सांगितलं.

"ऑपरेशनमध्ये काय करणार होते?"

माझ्या आधी हे म्हणाले, "गाठ काढणार."

"गाठ नाही," मी म्हटलं. "अख्खी पिशवी काढणार."

हे आक्कांकडं बघायला लागले. "पिशवी बी?"

"मग तू सही कशावर केलीस, बाळू?" आक्कांनी विचारलं. मॅडमनी बोटानं गप्प राहायची खूण केली, पण मला दिसलं, त्या खाली बघून हसत होत्या.

"नाही केलं तर काय होईल?"

हे मी शब्द मोजून सांगितलं. "परत असंच रक्त गेलं तर परत चढवावं लागेल. मी अंगावर काढलं तर जिवावर बेतेल. ते मला कळतंय, मॅडम. म्हणून तर रक्त घेतलं. ते साधन बसवून घ्यायला मी तयार आहे. त्यानं नाही भागलं तर मी माझ्या पायानं येईन आणि टेबलावर चढेन. पण माझं डोकं जागेवर आणायला सहा वर्षं गेलीत. एवढ्या मोठ्या ऑपरेशननं त्याला धक्का लागेल अशी मला भीती वाटते. आधी कमी त्रासाचं करून बघू दे."

"तुमची भीती खरी ठरेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या.

"नसेल. पण डोकं माझं आहे."

त्यांनी लिहिलं. मग ज्याची मला धास्ती होती ते विचारलं. "ती बाई काय म्हणते सध्या?"

बाई बोलत नाही म्हटलं तर खोटं. बोलते म्हटलं तर संपलंच, उचलून आत. पण मॅडमशी सहा वर्षांत खोटं बोलले नव्हते.

"बोलते. परवा रक्त कमी होतं तेव्हा जास्त बोलली."

हे लगेच उभे राहिले. "बघा! तीच नको म्हणती!"

"तुम्ही बसा. शैलाताई, काय म्हणते ती ऑपरेशनबद्दल?"

"ती म्हणते, करून घ्यावे. प्रवाशांनी त्वरित आत बसून घ्यावे, म्हणते. तिचा ऑपरेशनला पाठिंबा आहे, मॅडम. नको मी म्हणतेय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या की शेजारच्या खाटेवरची बाई पडदा बाजूला करून बघायला लागली. मीही हसले. हे मात्र अडचणीत सापडले. आवाज यांच्या बाजूचा निघाला होता, आता त्याला वेड म्हणावं की शहाणपण?

मॅडमनी फायलीत लिहिलं, ते मला वाचूनही दाखवलं. रुग्णाला आजार, उपाय आणि धोका समजतो; निर्णय त्यांचा त्यांना घेता येतो.

"मग आता आमी काय करायचं?" यांनी विचारलं.

"त्यांना चहा आणा. सकाळपासून उपाशी आहेत."

हे गेले. मॅडम निघाल्या तशा आक्का एकदम म्हणाल्या, "मॅडम, हे असं समद्यास्नी इचारत्यात व्हय? काय काढणार, नाय काढलं तर काय?"

"सगळ्यांनाच विचारायला पाहिजे."

"मला न्हवतं इचारलं." आक्कांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "आन् मी तर शानी होते."

मॅडम परत खुर्चीवर बसल्या. पुढचा अर्धा तास त्या आक्कांशी बोलल्या. कंबर, घाम, रडू, सगळं. मी पडून ऐकत होते. चहा आला, निवला. कुणाला त्याचं भान नव्हतं.

पुढं काय झालं

साधन बसवलं. पहिले तीन महिने थोडं थोडं जातच राहिलं आणि मला वाटलं, हट्टापायी फसले. आक्का तासगावहून रोज फोनवर मोजदाद घ्यायच्या. चौथ्या महिन्यापासून उतार पडला. आता रक्त ठीक आहे, गोळ्या चालू आहेत, मशीन चालू आहे. उद्या गाठ वाढली तर ऑपरेशन करावं लागेलही. तेव्हा मी हो म्हणेन. पिशवी ठेवणं बरोबर आणि काढणं चूक, असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगते की आजारी माणसाचं डोकं सगळ्याच खोल्यांतलं एकदम विझत नाही. कुठला दिवा चालू आहे, ते बघायची तसदी घ्या.

एका तपासणीला मॅडमनी नवीन गोष्ट सांगितली. बऱ्या अवस्थेत असताना आपण कागद करून ठेवू शकतो. पुढं मनाचा आजार उसळला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस कोण. मी मापाच्या वहीत कच्चं लिहून काढलं. मी खिडक्या लावून घ्यायला लागले, पाणी सोडलं, तर मी नको म्हटलं तरी मॅडमकडे न्या. पण ताकात काही घालू नका. नेताना मुलींना समोर ठेवू नका. माझ्याशी बोलत राहा, उत्तर दिलं नाही तरी.

माणसाच्या नावाची जागा आली. हे शेजारी बसले होते, शर्ट सारखा केला. मी आक्कांचं नाव सांगितलं.

गाडीवरून आम्ही आष्ट्याकडं निघालो. कृष्णेचा पूल मागं पडला, आणि पुढं एका रसवंतीपाशी यांनी गाडी थांबवली. दोन रस सांगितले.

"माझं काय चुकलं?" समोरच्या उसाच्या मोळीकडं बघत यांनी विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई मला."

"तू मरशील म्हणून भ्यालो हुतो."

"म्हायती हाय मला. म्हणून तर अजून तुमच्याच गाडीवर बसती की."

यांनी रस संपवला. तोंड पुसलं. "त्यो कागद बदलता येतो का?"

"येतो. कवाबी."

"मग मी शिकतो," हे म्हणाले. "सहा महिने दे."

सहा महिने होत आलेत. विचारण्याचं वेड आता यांना लागलंय. पंखा लावू का? चहा ठेवू का? खिडकी उघडी ठेवायला तुझी हरकत न्हाई न्हवं? गल्लीतली माणसं हसतात. स्वयंपाक आजारपणापासून बहुतेक वेळा हेच करतात, फौजेच्या लंगरात शिकलेले. परवा आष्ट्याच्या बाजारातून काटेरी वांगी घेऊन आले, धुतली, पाटावर ठेवली, विळी ओढली आणि विचारलं, "वांगी करू न्हवं?"

"नको," मी म्हटलं.

यांनी तोंड उघडलं. "का" ओठांवर आलेला मला दिसला. कपाळावरची शीरही दिसली. मग यांनी तोंड मिटलं, वांगी एकेक करून परत पिशवीत भरली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं. मग काय करू?"